सोडा आणि धरा

बिरा वाघमोडे कमरेपर्यंत मक्यात रुतला होता आणि हसत होता.

"मॅडम, नमुना घ्या की माझा," तो खालून म्हणाला. "बघा किती टक्के ओलावा हाय त्यो."

मी कोठीच्या माथ्यावरच्या भोकातून आत वाकले होते. भोक दीड-दोन हात रुंदीचं, आणि त्याच्याखाली आठ फुटांवर मका. दुपारी बाराचं ऊन त्यातून सरळ बिराच्या डोक्यावर पडत होतं. कमरेला दोर, हातात पहार. आत उतरताना ती पहार त्याने बरोबर नेली होती, कारण मक्याच्या वरच्या थराची पापडी धरली होती आणि ती फोडायची होती. पापडीखालचा मका आदल्या दिवशीच कोठीच्या तळाच्या दारातून निघून गेलेला. खाली पोकळी आहे हे कुणाला दिसलं नाही. बिराने पहार मारली, पापडी फुटली आणि तो तिच्यासकट खाली गेला.

विट्याच्या पुढे माळावर कोंबड्यांच्या खाद्याचा एक कारखाना होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. वय सव्वीस, वजन चव्वेचाळीस किलो. आलेल्या मालाचा ओलावा मोजायचा, घनता मोजायची, ढीग किती कोनात उभा राहतो ते पाहायचं, एवढंच माझं काम. हा मका आला तेव्हा मी कागदावर सतरा टक्के लिहिलं होतं. तरी तो कोठीत गेला. मॅनेजर म्हणाले होते की वाळेल आत.

"चला, दोर घ्या," इलाही मुजावर म्हणाला. हा आमचा मुकादम, पन्नाशीचा, हमालांचा इलाहीचाचा. त्याच्याबरोबर वर तीन हमाल होते.

"मुकादम, ओढू नका," मी म्हणाले. "तो निघणार नाही. बरगड्या मोडतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना तांब्याची गोष्ट सांगितली. तांब्यात तांदूळ ठोकून भरायचे, मधोमध सुरी खुपसायची आणि सुरीला धरून उचलायचं. सुरी निघत नाही. तांब्याच वर येतो. दाणा सैल असला की पाण्यासारखा वाहतो, पण दाबात आला की एकमेकांना अडकून दगड होतो. माणूस वर खेचला की भोवतीचे दाणे आणखी आवळतात.

"ही कोठी न्हाई वर यायची, मॅडम," इलाही म्हणाला. "दोनशे टनाची हाय."

हमाल हसले. आतून बिराही हसला.

मी सांगितलं की आडाला कडं घालतात तसं बिराभोवती पत्र्याचं कडं घालायचं आणि फक्त त्याच्या आतला मका उपसायचा. बाहेरच्या मक्याचा दाब पत्रा घेईल. कंबर, मांड्या, गुडघे मोकळे झाले की माणूस आपोआप निघेल. इलाहीने विचारलं, किती वेळ. मी म्हटलं, दोन तास. त्यावर तो म्हणाला की दोन तासांत बिरा आत बसून मका भाजून खाईल.

"मी पत्रा घेऊन येते. तोवर थांबा," मी म्हणाले. त्याने मान हलवली. ती होकाराची होती असं मी समजून चालले.

शिडी जिथे माथ्यावर संपते तिथे, अगदी शेवटच्या पायरीच्या बाजूला, एक चार इंची लोखंडी पाइप होता. तो कोठीच्या अंगाने थेट खालच्या दारापर्यंत गेलेला. मिल चालू असली की खालच्या माणसाला वरचं काही ऐकू येत नसे, म्हणून पाइपात तोंड घालून सांगायचं. त्यात दोनच शब्द बोलायचे. 'सोडा' म्हणजे दार उघडा, मका जाऊ द्या. 'धरा' म्हणजे दार बंद करा. हे दोन शब्द कारखान्याच्या आवारात दुसऱ्या कशासाठीही कुणी वापरत नसे. हातातलं पोतं खाली टाकायचं असलं तर 'टाक' म्हणत. गेटबाहेर गोटीच्या सोड्याची गाडी उभी असे, पण आमचे हमाल तिथे जाऊन कधी सोडा मागत नसत. 'एक फसफस दे' म्हणत. नवीन माणूस पहिल्या दिवशी हसायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फसफस मागायचा. मी प्रयोगशाळेत बसणारी. मला हा नियम ठाऊक होता, पण माझ्या तोंडात तो बसलेला नव्हता.

खाली, दार उघडायच्या चाकापाशी सर्जेराव उभा होता. शांत, उंच माणूस. बिराची बायको शालन ही त्याची धाकटी बहीण. चाकावर दोन्ही हात ठेवून तो वर बघत होता.

"दाजी बरा हाय का?" त्याने विचारलं.

"कमरेपर्यंत आहे. हसतोय."

"मी हितनं हलत न्हाई, मॅडम. आन् वरनं शब्द आल्याबिगर चाकाला हिसका देत न्हाई. कुणी काय बी म्हणू दे."

मी म्हटलं, तसंच करा.

वर्कशॉपमध्ये मका खाली सरकवायच्या नव्या घसरणीसाठी आणलेला आठ बाय तीनचा सपाट पत्रा होता. तो चटईसारखा गुंडाळून तारेने बांधायला सांगितला, म्हणजे भोकातून आत जाईल. दोन फळ्या, रिकामी पोती आणि कँटीनमधली तीन पातेली गोळा केली. वर्कशॉपचे दोघं सामान घेऊन मागून येत होते. मी पुढे शिडी चढत होते. निम्म्यावर आले तेव्हा वरून ताल ऐकू आला. चौघं एका आवाजात दोर ओढत होते. आणि त्या आवाजाच्या आतून दुसरा एक आवाज येत होता. तो बिराचा आहे हे मला लगेच कळलं नाही, कारण माणसाचा तसा आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता.

शेवटच्या पायरीवर पाय होता, डोकं माथ्याच्या पातळीला आलं होतं. समोर चौघांच्या पाठी दिसत होत्या. मी जीव तोडून ओरडले,

"सोडा! सोडा!"

मला म्हणायचं होतं, दोर सोडा. एकाचीही मान वळली नाही. त्यांचा ताल चालूच होता.

मग दोर त्यांच्या हातांतून आपोआप आत जायला लागला.

इलाहीच्या तळहाताची सालटी निघाली. तो भोकाकडे धावला, मीही. आत मका सळसळत होता. मधोमध खळगा पडत होता, भोवतालचे दाणे त्याच्याकडे धावत होते आणि खळग्याच्या तळाशी बिरा होता. छाती गेली. खांदे गेले. तो वर बघत होता. एक हात त्याने उंच धरला होता. तोंडातून आवाज नव्हता.

इलाहीने पाइपात तोंड घातलं. "धरा! ए धरा!"

मका थांबला. सगळं मिळून सहा-सात सेकंद झाले असतील. बिराचं डोकं आणि तो एक हात बाहेर राहिला होता.

इलाहीने दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम," तो म्हणाला, "सांगा."

मी सांगायला सुरुवात केली. मिल बंद करा. खालच्या दाराला कुलूप घाला. वर गर्दी करू नका. वजनाने मी सगळ्यांत हलकी, मीच आत उतरते, माझ्या कमरेला दोर बांधा. माझा आवाज सरळ येत होता. मला आठवतं, कारण मी स्वतःच तो ऐकत होते.

तेवढ्यात सर्जेराव शिडी चढून वर आला. धाप लागली होती. इलाहीने त्याची गचांडी धरली.

"कुणी सांगितलं तुला दार उघडायला? आँ? कुणी शब्द दिला?"

हमाल त्याच्याभोवती आले. इलाहीच्या खांद्यावरून सर्जेराव माझ्याकडे पाहत होता. माझा एक पाय भोकात होता आणि कमरेला दोराची गाठ बसत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं, शिडीच्या शेवटच्या पायरीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

तेव्हा मला कळलं. त्याच्याआधी नाही.

मी तोंड उघडलं असतं तर चारच शब्द लागले असते. मी उघडलं नाही.

"चुकलं माझं," सर्जेराव म्हणाला. "कानाला भास झाला."

इलाहीने त्याच्या थोबाडीत दिली. सर्जेरावने गालाला हात लावला नाही. तो म्हणाला, मॅडमसंगं मला आत जाऊ दे, माझी उंची हाय, हात पुरतील.

आत उकाडा होता आणि धुळीने डोळे चुरचुरत होते. फळ्या आडव्या टाकून, त्यांवर पोती घालून आम्ही गुडघ्यांवर सरकत गेलो. उभं राहायचं नाही, आपल्या पायाने दाबलेला मका त्याच्याच छातीवर जाऊन बसतो, असं मी सर्जेरावला सांगितलं. बिराचे ओठ जांभळे पडत होते. त्याच्या हनुवटीपासून दाणे चार बोटं खाली होते. श्वास घेतला की छाती थोडी फुगायची. बाहेर टाकला की तेवढ्या जागेत दाणे शिरायचे, आणि पुढच्या वेळी छातीला तेवढी जागा परत मिळायची नाही. मी त्याचे श्वास मोजले. मिनिटाला बेचाळीस. प्रत्येक श्वासागणिक तो आखडत होता आणि ते त्याला समजत होतं.

"बिराभाऊ, घाई करू नका. श्वास हळू..." मी म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द तोंडातून येईना. "हळू फुंका. दिवा न विझवता फुंकायचं तसं."

त्याने डोळ्यांनी हो म्हटलं.

गुंडाळलेला पत्रा वरून आत आला. तार तोडल्यावर तो फटकन उघडला आणि त्याची कड माझ्या मनगटात गेली. आम्ही तो बिराभोवती वळवला, टोकावर टोक चढवलं, दोराने आवळलं. आता त्याचं बिराभोवती पिंप झालं होतं. पण पिंप नुसतं मक्यावर टेकलं होतं. ते खाली जायला हवं होतं. सर्जेराव एका बाजूने दाबायचा, मी दुसऱ्या बाजूने. डावीकडे, उजवीकडे, बोटभर खाली. मग मी आत हात घालून पातेल्याने मका काढायचे. सर्जेराव ते पातेलं घ्यायचा आणि लांब भिंतीशी रितं करायचा. पुन्हा डावीकडे, उजवीकडे. पहिल्या अर्ध्या तासात पत्रा वीतभरही गेला नाही. वरून इलाही अधूनमधून विचारत होता की दोराला हात लावू का. मी दर वेळी नाही म्हणत होते, आणि दर वेळी तो ऐकत होता.

गळा मोकळा झाला, मग छातीचा वरचा भाग. बिरा खोकला. त्याच्या थुंकीत पिठाचा लगदा होता.

"सर्जा," तो म्हणाला. आवाज कागदासारखा होता. "दारावर तूच हुतास न्हवं?"

"व्हय, दाजी."

"मग का?"

सर्जेराव पातेलं रितं करायला वळला होता. तो वळलेलाच राहिला. "चुकलं," तो म्हणाला.

"शालनला काय सांगणार तू?"

सर्जेराव परत आला, पातेलं माझ्या हातात दिलं. आमची बोटं एकमेकांना लागली. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मी मका काढत होते. एक पातेलं साधारण तीन किलो. मला हा हिशेब अजून पाठ आहे, कारण दुसरा विचार डोक्यात येऊ नये म्हणून मी तोच करत होते.

एकदा मध्येच बिराचे डोळे मिटले. मान पत्र्यावर टेकली. श्वास अठ्ठावीस, बावीस, मग मोजता येईना. सर्जेरावने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटत राहिला. बिरोबाचं नाव होतं त्यात, आणि दोन शिव्या. मी पत्रा सोडून बिराच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि तिच्याभोवतीचे दाणे नखांनी उकरले. नखांखाली अजूनही कधी कधी ते टोचल्यासारखं वाटतं. तो खोकला. पुन्हा श्वास लागला.

कंबर मोकळी झाली तेव्हा त्याला दुसरा हात मिळाला आणि तो स्वतःही ओंजळीने मका काढायला लागला. मांड्या मोकळ्या झाल्या. गुडघ्यांपाशी मका सैल पडला आणि बिरा एकदम हलका झाला, जसं कुणी त्याचे पाय खालून धरले होते आणि आता हात काढून घेतले. "आता," मी वर म्हणाले. "आता हळू घ्या." इलाहीने दोर घेतला आणि ज्या माणसाला चौघांना तसूभर हलवता आलं नव्हतं तो दोघांच्या हाताने वर गेला.

अडीच वाजले होते.

बिराच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. तो वाचला. पण त्यानंतर त्याने कधी पोतं उचललं नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद होता. दारावरील कामगाराने वरून सूचना नसताना दार उघडल्यामुळे अपघात झाला, असं त्यात लिहिलं होतं. सर्जेरावला कामावरून काढल्याचं खाली होतं. तांत्रिक माहितगार म्हणून माझी सही हवी होती. मॅनेजर म्हणाले की तुमच्यामुळे माणूस वाचला, वरपर्यंत कळवलंय. मी कागद दोनदा वाचला. मग सही केली. ओलाव्याच्या रोजच्या तक्त्यावर करते तशीच, तारीख घालून.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. त्यानंतर मी अकरा कारखान्यांत काम केलं आणि प्रत्येक ठिकाणी कोठीच्या पायथ्याशी एक गुंडाळलेला पत्रा ठेवायला लावला. त्यातला एक, बार्शीकडे, खरोखर वापरावा लागला. तो माणूसही निघाला. शालनने सहा वर्षं सर्जेरावला भाऊबीजेला ओवाळलं नाही. दर दिवाळीला तो ताटात घालायची साडी घेऊन जायचा आणि ती ओसरीवर ठेवून परत यायचा. हे मला इलाहीकडून कळत असे. सातव्या वर्षी तिने ओवाळलं, तेही बिरा म्हणाला म्हणून. गेल्या फाल्गुनात सर्जेराव गेला.

पण मला सांगायचं आहे ते सही केल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. दुपारी मी गेटबाहेर आले तेव्हा सर्जेराव सोड्याच्या गाडीपाशी लिंबाच्या सावलीत बसला होता. शेजारी पिशवी. आत त्याचे कामाचे कपडे आणि जेवणाचा डबा असावा. गाडीपाशी चार-पाच हमाल उभे होते, त्याच्याकडे पाठ करून. मला बघून तो उठला आणि गाडीवाल्याला मोठ्याने म्हणाला,

"दोन सोडा दे."

हमालांच्या माना एकदम वळल्या. एकाने तर कोठीकडे पाहिलं.

"आता मला म्हणता येतंय," सर्जेराव म्हणाला.

बाटल्या घेऊन तो गाडीपासून दहा पावलं लांब आला. मी त्याला म्हणाले की मी आत जाऊन सांगणार आहे. आजच. पाइपातून आलेला तो आवाज माझा होता, असं.

"ठाव हाय मला. हितं दुसरी बाई कोण हाय?"

"मग तिथे वर का नाही बोललात?"

"बोललो असतो तर इलाहीचाचानं तुमचं ऐकलं असतं का? परत दोर वढला असता. काढायचं कसं ते एकट्या तुमाला ठाव हुतं. दाजीला काढायचा हुता."

"आता काढलाय ना."

"आता बी तेच की. उद्या दुसरा कोण पडला तर ही समदी म्हणणार, त्या बाईचं ऐकू नगा, तिनंच बुडीवला हुता. मग हायेच दोर."

"आणि शालनताई?"

"बहीण हाय माझी." त्याने अंगठा बाटलीच्या तोंडावर ठेवला. "राग धरंल, सोडंल."

त्याने गोटी आत दाबली. फेस वर आला, त्याच्या बोटांवरून ओघळला. त्याचं म्हणणं खरं होतं. ते खरं असावं असं मला किती वाटत होतं, तेही मला तिथे उभं असतानाच कळलं. कारखान्याचं गेट माझ्या मागे वीस पावलांवर होतं. माझे दोन्ही हात रिकामे होते.

सर्जेरावने बाटली माझ्यापुढे केली.

"धरा, मॅडम," तो म्हणाला.

मी धरली.